हळू लावलेली आग

चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण आग कशी लावायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावाकडं बापाबरोबर भाताच्या रोपांसाठी राब भाजलेत. शेण, पाला, वरून माती, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं. आग सावकाश सरकते, जमीन खोल भाजते.

पुढं इंग्लंडात गिरणीकामाला आलो. ऐंशी सालानंतर लीड्सची ती गिरणी बंद पडली आणि मला तिथल्या डोंगरमाळावर काम मिळालं. तिथं सगळीकडं हेदरचं गुडघाभर झुडूप. ते जून, राठ झालं की मेंढ्या तोंड लावत नाहीत, म्हणून थंडी सरताना पट्टे पट्टे जाळायचे, मग कोवळे फुटवे येतात. माळाचा राखणदार, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा गोरा, आग वाऱ्याबरोबर सोडायचा. भर्रकन वरचं जळायचं, खालचं शेवाळ ओलंच.

"ही काय आग? नुसती हजामत," मी म्हटलं.

"हजामतच करायचीय. मुंडकं नाही उडवायचं."

एका दुपारी तो पलीकडच्या उतारावर गेला आणि मी माझ्या पद्धतीनं लावली. छान भाजत गेली. संध्याकाळी ज्वाळा विझल्या, धूर विझेना. तिथली जमीन म्हणजे पीट, युगायुगांचं कुजलेलं शेवाळ. वाळलं की गोवरीसारखं आतून धुमसतं. नऊ दिवस आम्ही दोघं चर खणत होतो, पाणी वाहत होतो.

माळाच्या मालकाचा माणूस विचारायला आला. राखणदार म्हणाला, "वारा फिरला." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी फावड्याची माती खरवडत राहिलो.

घरी बायको म्हणाली, "अहो, त्याला निदान सॉरी तरी म्हणा."

"वारा फिरलाच होता," मी म्हटलं.

तो पट्टा काळाच राहिला. राखणदार रिटायर झाला, पुढं वारला. मी त्याच्याशी त्या विषयावर एक शब्द बोललो नाही.

नव्वदनंतर माळावर मेंढ्या कमी केल्या, कुंपणं घालून बर्चच्या झाडांची रोपं लावायला घेतली. त्या कामावरची नवी अधिकारी, माझ्या मुलीच्या वयाची, काळ्या पट्ट्यापाशी थांबली.

"इथं काहीच कसं उगवलं नाही? राखणदार अडाणी होता वाटतं." ती वहीत लिहायला लागली.

"तो चांगला होता," मी म्हटलं. "हे मी जाळलं. तसं लिहा."

तिनं नाव विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं, आणि नीट उतरलंय का ते वाकून पाहिलं.