लाल पेनाच्या सुट्ट्या

"ही सही तुमचीच ना?" चौकशीला आलेल्या फेर्रींनी विचारलं.

तोरेंनी चष्मा लावला. कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "हो. माझीच."

झालं! मी समोर बसून कॉफी ढवळत होते, ती ढवळतच राहिले. अहो, "बघून सांगतो" तरी म्हणावं माणसानं! पण तोरेंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी केलेला पास्ता कच्चा राहिला तर तेही तेच आधी सांगतात.

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या इंडस्ट्रियल भागात आमचं गोदाम आहे. इटलीहून ऑलिव्ह तेल, टोमॅटोचे डबे, पास्ता येतो आणि आम्ही तो इथल्या दुकानांना पाठवतो. कंपनी इटालियन, मुख्य ऑफिसही तिकडेच. तोरे गोदाम सांभाळतात. मूळचे सिसिलीचे, पण चाळीस वर्षं इथेच. मी हिशेब सांभाळते. डिग्री विचाराल तर नाही. इचलकरंजीत वडिलांच्या सुताच्या दुकानात दिवाणजींच्या शेजारी बसून जमा-खर्च शिकले. जर्मन शिकले सुपरमार्केटची जाहिरातीची पत्रकं वाचून, त्यामुळे पहिलं वर्षभर मला बोलता यायचं ते फक्त स्वस्त बटाट्यांबद्दल.

तर प्रकरण असं. माल लाकडी पॅलेटवर रचलेला येतो. पॅलेट म्हणजे फळ्यांची चौकट, खालून फोर्कलिफ्टचे दात घालून उचलायची. ती मोडते, दुरुस्त करावी लागते. इथल्याच एका दुरुस्तीवाल्या फर्मची बिलं तीन वर्षं परस्पर इटलीच्या ऑफिसात जात होती आणि पास होत होती. आमच्या ऑफिसात त्यातला एकही कागद आला नव्हता. यंदा कुणीतरी चौकशी केली, तर त्या फर्मच्या पत्त्यावर फक्त एक टपालपेटी! ना करवत, ना खिळा. दुरुस्ती कधी झालीच नव्हती. पण प्रत्येक बिलाला लीफरशाइन जोडलेलं होतं, म्हणजे काम पोचल्याची चिठ्ठी. आणि प्रत्येक चिठ्ठीवर तोरेंची सही.

म्हणून मालकांनी इटलीहून सिन्योर फेर्रींना पाठवलं. पूर्वी तिकडच्या आर्थिक गुन्ह्यांच्या पोलिसांत होते, आता खासगी डिटेक्टिव्ह. मला वाटलं होतं, उंच, करड्या नजरेचा कुणी येईल. आले ते माझ्या खांद्याएवढे, चाकांची बॅग ओढत. बॅगेतून पहिली वस्तू काढली ती स्वतःची कॉफीची किटली. जर्मन कॉफीवर त्यांचा विश्वास नव्हता. दोन फायलींच्या मध्ये किटली ठेवून ते मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारायचे. माझंही इंग्रजी मोडकंच, त्यामुळे आमचं छान जमलं.

"रोज चाळीस कागदांवर सह्या करतो," तोरे सांगत होते. "ट्रक उभा असतो, ड्रायव्हर घाई करतो. चष्मा खिशात असतो. कुणी मध्ये एखादा कागद सरकवला असेल."

"तीन वर्षं? दर आठवड्याला?" फेर्रींनी विचारलं.

तोरेंनी चष्मा काढून खिशात ठेवला.

आमच्या साहेबीणबाई फ्राउ केसलर कडक, पण मनानं वाईट नाहीत. त्यांनी मला बाहेर बोलावलं. "सोमवारी इटलीला उत्तर द्यायचंय. तेव्हापर्यंत काही निघालं नाही तर फ्रिस्टलोस." म्हणजे नोटीस नाही, काही नाही, त्याच दिवशी किल्ल्या ठेवायच्या आणि चालू पडायचं.

"दोन महिन्यांनी त्यांची रेंटे सुरू होतेय, फ्राउ केसलर! पेन्शनीला निघालेला माणूस!"

"मला माहितीये. निरोपाच्या केकची ऑर्डर मीच दिलीये."

घरी चहाच्या वेळी आमच्या ह्यांना सांगितलं. हे मोटारीच्या कंपनीतून निवृत्त इंजिनिअर. हे म्हणाले, "तू यात पडू नकोस. सही त्यांची आहे म्हणतात ना?"

"अहो, त्या माणसानं मला पहिल्या वर्षी जेवू घातलंय. मी पडलेलीच आहे."

ते जेवण सांगायलाच हवं. नोकरीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. एका गुरुवारी सकाळी मी गोदामावर गेले, तर फाटकाला कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाटलं, घड्याळ चुकलं. मग वाटलं, नोकरी गेली. तासभर डबा धरून उभी! तोरे समोरच्याच इमारतीत राहतात. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि बनियनवरच खाली धावत आले. "सिन्योरा! आज फायरटाग आहे! फ्रोनलाइषनाम!" म्हणजे चर्चची सुट्टी, आमच्या राज्यात सगळं बंद. मला कोण सांगणार? माझ्या भिंतीवर वहिनीनं इचलकरंजीहून पाठवलेलं मराठी कॅलेंडर. त्यात संकष्टी होती, फ्रोनलाइषनाम कुठून असणार? तोरे म्हणाले, मीसुद्धा पहिल्या वर्षी असाच उभा होतो, इटलीत या गुरुवारी सुट्टी नसते. मग मला वर नेऊन वांग्याची भाजी घातलेला पास्ता वाढला, लाल पेन आणलं आणि डायरीत वर्षभरातल्या इथल्या सगळ्या सुट्ट्या लिहून दिल्या.

तेव्हापासून दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की मी पहिल्यांदा लाल पेनानं इथल्या सुट्ट्यांवर खुणा करते. फ्रोनलाइषनामचा माझा ठोकताळाही आहे. बहुतेक वर्षी वटपौर्णिमा झाली की आठ-दहा दिवसांत येतो. अधिक मास मध्ये शिरला की मात्र गणित बिघडतं. ऑफिसातल्या नोंदीही मी त्यातच करते. कोण रजेवर, कोणता ट्रक अडकला, केक कुणी आणला. जुनी कॅलेंडरं टाकत नाही. आमचे हे त्याला रद्दी म्हणतात.

त्या दिवशी चहा पिता पिता ते लाल पेन आठवलं आणि मी कपाटाकडे गेले.

शुक्रवारी मी तीन वर्षांची रद्दी टेबलावर पसरली. फेर्रींनी किटली उचलून मांडीवर घेतली.

"हे काय? ज्योतिष?"

"तेही आहे, मागच्या बाजूला. तुम्ही चिठ्ठ्यांच्या तारखा वाचा."

ते वाचत गेले, मी बोट फिरवत गेले. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये बोट थांबलं. "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचली. तो गुरुवार लाल होता. फ्रोनलाइषनाम! गोदामाला कुलूप, आणि चिठ्ठी म्हणते की पन्नास पॅलेट उतरवून घेतल्या. पुढे बघते तर तीन ऑक्टोबर, जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी. तिथेही चिठ्ठी. त्याच्या मागच्या वर्षी ख्रिस्ती हिमेलफार्टचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीचा गुरुवार. तिथेही!

"मिस्टर फेर्री," मी म्हटलं, "तोरे चोर असतील, घटकाभर धरून चालू. पण चाळीस वर्षं इथे राहिलेला माणूस खोटी चिठ्ठी करताना बंद गोदामाची तारीख घालेल? मला या सुट्ट्या त्यांनीच शिकवल्यात!"

फेर्रींनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच पानं उलटायला लागले. पंचवीस एप्रिल: चिठ्ठी नाही, तिन्ही वर्षं. दोन जून: नाही. मग ऑगस्ट काढला आणि हसायलाच लागले. पंधरा तारखेच्या आजूबाजूचे पंधरा दिवस तिन्ही वर्षं कोरे.

"तुमच्याकडे ऑगस्टमध्ये काम बंद असतं?"

"छे! आम्ही चालू असतो. दुरुस्तीवालाही इथलाच म्हणे. मग त्याला काय झालं?"

"सिन्योरा, ऑगस्टच्या मध्यात सगळी इटली समुद्रावर असते. आणि पंचवीस एप्रिल, दोन जून या आमच्या राष्ट्रीय सुट्ट्या." त्यांनी किटली टेबलावर ठेवली. "या चिठ्ठ्या लिहिणारा तुमच्या सुट्टीत काम करतो आणि आमच्या सुट्टीत आराम. तो बॉबलिंगेनमध्ये नाही. तो आमच्याच ऑफिसात बसतो."

मग त्यांनी दोन चिठ्ठ्या एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या. तोरेंच्या दोन्ही सह्या अगदी एकावर एक बसल्या, शेवटच्या शेपटीसकट. तिसरी लावली. तीही तशीच.

"कुठलाही माणूस दोनदा सारखी सही करत नाही," फेर्री म्हणाले. "एका खऱ्या चिठ्ठीवरची सही उचलून कॉम्प्युटरनं चिकटवलीये. सही त्यांचीच आहे का, एवढंच मला विचारायला सांगितलं होतं. मी तेवढंच विचारत बसलो. माझी चूक."

सोमवारी त्यांचं उत्तर इटलीला गेलं. बिलं पास करणारा तिकडचा खरेदी-साहेबच निघाला. ती टपालपेटीही त्याच्या मेहुण्याच्या नावावर होती. तोरेंकडे बोट दाखवणाराही तोच, हे मला मागाहून कळलं. पुढचं तिकडच्या कोर्टात चाललंय.

आणि तोरे? त्यांना मी गोदामात जाऊन सांगितलं. ते फोर्कलिफ्टवर बसले होते. खाली उतरले, टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हणजे मी खरंच चोरी केली नव्हती," ते म्हणाले. "दोन दिवस मलाच खात्री वाटेनाशी झाली होती."

मी त्यांच्यावर ओरडलेच. मग दोघांनी डोळे पुसले आणि धुळीवर ढकललं.

दोन महिन्यांनी ठरल्याप्रमाणे केक आला. फेर्रींनी इटलीहून कॉफीची नवीकोरी किटली पाठवली, "तुमच्या ऑफिसच्या भल्यासाठी" अशी चिठ्ठी लावून. मी तोरेंना मराठी कॅलेंडर दिलं, इथल्या सुट्ट्या लाल पेनानं आणि त्यांच्या इटलीच्या हिरव्या पेनानं दाखवून.

"सिन्योरा, मी आता निवृत्त. मला सुट्ट्या कशाला?"

"तुम्हाला नाहीत. मी कुठल्या दिवशी जेवायला येऊ शकते, ते कळायला."

त्यावर मी पोचपावती मागितली, थट्टेनं. तोरेंनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, तारीख दोनदा बघितली आणि मग सही केली. चाळीस वर्षं उशीर झाला, पण शिकले. मीही शिकले. आता कागद फाइलला लावण्याआधी मी आकडा नंतर बघते, वार आधी बघते. आणि आमचे हे कॅलेंडरांना रद्दी म्हणत नाहीत.