काकूंचा एकच प्रश्न

नेपानगरच्या काकूंना कुठेही न्या, पाच मिनिटांत त्यांचा प्रश्न यायचाच: "हे बंद पडलं, तर अजून काय काय बंद पडेल?" माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात त्यांनी तो थेट हलवायाला विचारला, कारण तिन्ही शेगड्या एकाच सिलिंडरला जोडलेल्या होत्या. तो म्हणाला, "बाई, शुभ शुभ बोलो." काकूंनी तीन सिलिंडर लावून घेतले आणि मगच पंगतीला बसल्या.

नेपानगरच्या कागद कारखान्यात संगणकावर उभी हयात घालवून त्या निवृत्त झाल्या आणि बुऱ्हाणपुरात आमच्या गल्लीत राहायला आल्या. मी तेव्हा केळी पिकवण्याच्या केंद्रात संगणकाचं सगळं बघायचो. सगळं म्हणजे एकच सर्व्हर. रोजचे भाव दाखवणारं पान त्यावरच होतं, आणि पिकवण्याच्या खोल्यांचं तापमान वाढलं की फोनवर इशारा देणारा प्रोग्रॅमही त्यावरच. एका सकाळी मी भावाचं पान नवं केलं आणि त्या भानगडीत इशारा देणारा प्रोग्रॅम गुपचूप बंद पडला. दुपारी तीन नंबरच्या खोलीतलं कूलिंग गेलं, कुणाला कळलं नाही, आणि एका शेतकऱ्याचा अख्खा माल मऊ पडला. केंद्राचे मालक, आमचे शेठ, शांतपणे म्हणाले, "फिर से असं झालं ना, तर दुसरी नोकरी बघून ठेव." घरात कमावणारा मी एकटाच. काकूंचं दार वाजवण्यावाचून इलाज नव्हता.

त्या आल्या, पण सर्व्हरकडे बघितलंसुद्धा नाही. मला घेऊन खोल्यांसमोर उभ्या राहिल्या. "चार खोल्या आहेत. छत एक, लाइट एक. एकीत पिकवायचा गॅस सोडला तर दुसरीतली केळी पिकतात का?"

"नाही."

"मग देख बेटा, तुझ्या सर्व्हरवर सगळे एकाच खोलीत का कोंबलेस?"

त्या दिवशी मी कंटेनर शिकलो. नवं मशीन घ्यायचं नाही. खालची ऑपरेटिंग सिस्टीम एकच, पण प्रत्येक कामाला आपली खोली: त्याला आपल्याच फाइली दिसतात आणि वाट्याला येईल तेवढीच मेमरी वापरता येते. काकू कंटेनरला खोलीच म्हणायच्या. मीही अजून तेच म्हणतो.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा मात्र जीवघेणी होती. तापमानाची खोली मी तीन दिवस खपून उभी केली आणि जुन्या सगळ्या नोंदी तिच्यात भरून मोठ्या ऐटीत दाखवली. काकूंनी चष्मा लावला आणि एका ओळीची कमांड देऊन ती खोली पुसून टाकली. "आता परत बांध," म्हणाल्या. बांधायची कृती लिहून ठेवलेली होती, त्यामुळे खोली दोन मिनिटांत उभी राहिली, पण आत एक नोंद नव्हती. मी पुन्हा पुन्हा फाइली उघडून बघत होतो. काकू बशीत चहा ओतून सावकाश पीत होत्या. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. आदल्याच संध्याकाळी नक्कल करून ठेवली होती. "खोली कधीही पाडता आली पाहिजे. म्हणून माल, म्हणजे तुझ्या नोंदी, खोलीबाहेर ठेवायचा." त्या क्षणी मला त्यांचा रागही आला आणि पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं.

नंतर त्यांनी प्रत्येक खोली माझ्याच हातून बंद पाडून घेतली. मी घाबरलो की म्हणायच्या, "आज तू पाड. मग ती आपणहून पडेल तेव्हा तुला ओळखीची वाटेल."

मग काकू आपल्या मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या. स्टेशनवर मी सामान चढवत होतो आणि त्या डब्याच्या दिव्यांबद्दल कुणाला तरी तोच प्रश्न विचारत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

गेल्या महिन्यात, ऐन भावाच्या वेळी, भावाचं पान पडलं. बाहेर शेतकरी फोन हलवून दाखवत होते, "अरे भाऊ, रेट दिसत नाही." मी त्यांच्यातून वाट काढत आधी तापमानाच्या पडद्याकडे धावलो. चारही खोल्यांचे आकडे येत होते. तीन नंबरचाही. मी पालथ्या क्रेटवर बसलो. भावाच्या खोलीने आपल्या वाट्याची मेमरी संपवली होती आणि ती एकटीच कोसळली होती. मी ती पाडून पुन्हा उभी केली. शेठ बाहेर येईपर्यंत भाव दिसायला लागले होते.

मी लगेच नाशिकला फोन लावला.

"काकू, भावाचं पान पडलं होतं."

"अजून काय काय बंद पडलं?"

"काहीच नाही."

पलीकडे पोळपाटावर लाटणं फिरत होतं, ते थांबलं. "मग फोन कशाला केलास?"

 काहीच झालं नाही, एवढंच तर मला त्यांना सांगायचं होतं.