निरोपाच्या जेवणातली टर्की

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी बप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या वडवणीच्या रानात जेवण ठेवलं होतं. तालुक्याचे पुढारी येणार म्हणून मांडव घातला होता. मी मात्र सकाळपासून रडत होते, कारण माझा राजहंस सापडत नव्हता. पिलाचा मीच मोठा केलेला, साप दिसला तरी मान लांबवून, फिस्कारत अंगावर जाणारा. "कोल्ह्यानं न्येला, बाई. रडू नगं, जाताना डोळ्यात पानी बरं न्हाई," म्हणत बप्पांनी खांद्यावरच्या दस्तीनं माझे डोळे पुसले.

बांधाजवळ चर खणून कोळसा पेटवला होता आणि त्यावर पहारीला अडकवलेला एक अख्खा पक्षी भाजत होता. नेकनूरच्या बाजारातून टर्की आणली, असं बप्पा येईल त्याला सांगत होते. चरबी गळून भडका उडाला की म्हणायचे, "टर्कीला लई चरबी असती." पंगतीत त्यांनी तंगडी स्वतः माझ्या ताटात घातली. "पोटभर खा. तिकडं कोन वाढनार हाय तुला?" मी खाल्ली. चांगली लागली, तेही सांगून टाकते.

इथे जर्मनीत मी वृद्धाश्रमात नर्स आहे. शेजारीण हाना थंडीत एकदा अंगणातल्या झाकणाच्या ग्रिलवर अख्खा हंस भाजते. यंदा तिने मला मदतीला बोलावलं. निखारे दोन्ही कडांना सारायचे, मधे चरबी झेलायला पाण्याचा ट्रे ठेवायचा. ट्रे काढताना माझा हात हलला, चरबी निखाऱ्यांवर सांडली आणि भडका उडाला. मी हसत म्हणाले, आमच्याकडे टर्कीचं असंच होतं. हाना म्हणाली, छे, टर्की तर कोरडी, तिला वरून लोणी चोळावं लागतं. एवढी चरबी हंसालाच.

चिमटा तिथेच ठेवून मी मायला फोन लावला.

"त्या पुढारी सायबानं तुजा राजहंस तोंडानं मागितला, पोरी. न्हाई कसं म्हनावं?" माय म्हणाली. "आन् तुला सांगितलं असतं तर तुजा पाय निगाला असता का?"

म्हणजे पंगतीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढारी, चुलते, वाढपी, माय. मी तेवढी वेडी. शेतकऱ्याच्या घरात पाळलेलं जनावर कापलं जातं, एवढं मला कळतं. पण ज्या हातानं डोळे पुसले त्याच हातानं तंगडी वाढली, याची चीड येते. घर म्हणजे ताटात काय आहे हे न विचारता जेवायची जागा, असं मी गाव सोडून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना सांगत आले. माझ्यापुरतं ते खोटं निघालं.

परवा बप्पांचा फोन आला. "उन्हाळ्यात ये. तुज्यासाठी काय करू, सांग."

"यीन. पन माजी भाकरी मीच थापीन."

बप्पा म्हणाले, "मायनं सांगितलं व्हय?"

मी हो म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याआधी फोन ठेवला.