परत सांगा की

नरसय्या गेल्याचा फोन मीच उचलला होता. पलीकडून त्याची मुलगी लक्ष्मी बोलत होती एवढं कळलं, पुढचं काही कानात शिरलं नाही. दवाखान्यातून घरी सोडलं असेल असं धरून मी म्हणालो, "बरं बरं, चांगलं झालं." आणि ठेवून दिला. नंतर सून समोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं...

आम्ही दोघांनी शहराच्या पूर्व भागातल्या एकाच कारखान्यात चादरीचे माग चालवले. तो तेलुगू घरातला, मी टेंभुर्णीकडचा, चौथीत शाळा सोडलेला. मागाच्या खडखडाटात कुठलीच भाषा चालत नाही, हातानं बोलायचं. अंगठा तोंडाकडं नेला की चहा. पालथा पंजा हळूहळू खाली आणला की माग बंद करा. त्याच आवाजानं माझे कान गेले. पण मी ते कबूल केलं नाही. का करावं? बहिरा म्हटलं की लोक एक तर ओरडतात, न्हायतर हसतात. मुलानं कानाचं मशीन आणलं, ते अजून डबीतच आहे.

काम कायमचं सुटल्यावर आम्ही चार म्हातारे रोज सकाळी कारखान्यासमोरच्या हॉटेलात बसायचो. कुणी काही बोललं की नरसय्या कानामागं हात धरायचा. "काय म्हणाला? परत सांगा की. माझं कान गेलं." मग बोलणारा सावकाश परत सांगायचा, आणि मलाही कळायचं. पोरं त्याला बहिरा नरसय्या म्हणायला लागली. तो हसायचा. मीच एकदा त्याला टोमणा मारला, "मशीन बसवून घे की."

"तुमी आदी बसवा, पाटील. मग मी."

मला पाटीलकी कुठली? मान ताठ असायची, म्हणून तो पाटील म्हणायचा.

शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हा त्याचा आवाज बसला होता. भोवतीनं सगळे त्याला, परवा घरी जायचं, असं सांगत होते. तो माझ्याकडंच बघत होता. त्यानं चादरीतून हात काढला, पंजा पालथा केला आणि हळूहळू खाली आणला. खोलीत ते मला एकट्यालाच कळलं. मी त्याचा हात धरून वर उचलला. त्यानं तो सोडवून घेतला आणि परत खाली आणला...

दहाव्याला गेलो. लक्ष्मी सगळ्यांना पाणी देत होती, मला ओलांडून पुढं गेली. बापाच्या मरणावर चांगलं झालं म्हणणाऱ्याला कोण पाणी देईल? मी त्याच्या बायकोजवळ, वहिनींजवळ टेकलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून मोठ्यानं म्हणालो, "कानांनी लई त्रास दिला त्याला."

वहिनींनी मान वर केली. "ह्यांचे कान? भाऊजी, जिन्यात मांजर चढलं तरी उठून बसायचे की." त्यांनी हे दोनदा सांगितलं.

आधी रागच आला. मला कुणाची कीव नको होती, त्याची तर नकोच. इतकी वर्षं माझं बहिरेपण स्वतःच्या नावावर घेऊन बसला, आणि मी त्याला टोमणे मारले. भांडायला समोर तो नव्हता. आता माझ्यासाठी परत सांगा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

मी उठून लक्ष्मीपुढं गेलो. हात आपोआप कानामागं गेला, त्याच्यासारखा.

"पोरी, मला ऐकू येत न्हाय. लई वर्षं झाली. त्या दिवशी फोनवर तू काय म्हणालीस, मला कळलंच नव्हतं. परत सांग की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग तिनं तांब्या खाली ठेवला, जवळ आली, माझ्या कानाशी तोंड आणलं. ओरडली नाही.

"काका, अप्पा गेले."

मी मान हलवली. माझ्या नुसत्या मान हलवण्यावर तिचा भरवसा नसावा. तिनं परत सांगितलं.