अंकुश फौजीचं नऊ होलचं मैदान

वडवणीच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा निवडत होतो, तेवढ्यात अंकुशच्या पोराचा फोन आला. "काका, दादा गेले." एवढंच. मला रडू आलं नाही, राग आला. आजारी होता हे माहीत होतं, पण हा माणूस कशालाही पुरून उरायचा, त्यामुळं मरणालाही उरेल असं मी धरूनच चाललो होतो. मूर्खपणा माझा. आज महिना झाला. राग अजून पुरता गेलेला नाही, तरी लिहायला बसलोय.

अंकुश आमच्या सहकारी साखर कारखान्यात बांधकाम खात्यात सुपरवायझर आणि मी शेतकी खात्यात. कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याआधी तो फौजेत होता, म्हणून सगळे त्याला फौजीच म्हणायचे. पण त्याची फौज वेगळीच! छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं, रोलर फिरवायचा, हेच त्याचं काम. "लोकाला वाटतं मी दुश्मन कापले. मी गवत कापलं बे, चौदा वर्षं," असं तोच सांगायचा. साहेब लोकांचा खेळ बघून बघून त्याला त्यातली खोच न् खोच कळली होती. मात्र तिथल्या चेंडूला काठी लावायची परवानगी त्याला एकदाही मिळाली नाही. हे सांगतानाही तो हसायचा... पण ते हसू ओठांपुरतं असायचं, शेजाऱ्याला कळतंच ना.

मग ते दुष्काळाचं साल आलं. ऊसच नाही म्हटल्यावर कारखान्याचा गळीत हंगाम लागलाच नाही. आम्ही रिटायर झालेली मंडळी दिवसभर मारुतीच्या पारावर बसून संचालक मंडळाला शिव्या घालायचो. एके दिवशी अंकुश खुंट्या आणि सुतळीचं बंडल घेऊन आला. "उठा बे, बसून बसून बूड झिजलं तुमचं." कारखान्यामागच्या मुरमाड माळावर नेऊन त्यानं आम्हाला नऊ होल आखायला लावले. मी म्हटलं, अरे, हंडाभर पाण्याला बाया दोन-दोन तास उभ्या आहेत, आणि तू गोल्फ काढलास? तर म्हणाला, "गोल्फला पानी लागतंय कावून? पानी गवताला लागतंय. आपल्याकडं गवत हाय का?"

आणि खरंच, थेंबभर पाणी न लावता त्यानं मैदान उभं केलं. हिरवळीच्या जागी वाळूचं गोल अंगण केलं आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यात ट्रकचं जळकं ऑईल मुरवलं. काळ्याभोर अंगणात मधोमध भोक. तिथं शेवटचे फटके मारायच्या आधी आपल्या चेंडूपासून भोकापर्यंत दोरी बांधलेली फळी ओढायची आणि वाट सपाट करून घ्यायची. प्रत्येकानं प्रत्येक होलला एकदाच. नियम अंकुशचा. "न्हाईतर तुमी म्हातारे दिवसभर सारवत बसताल." काठ्या कुणी जुन्या आणून दिल्या, उरलेल्या आमच्या वर्कशॉपच्या फिटरनं पाइप वेल्डिंग करून बनवल्या. कौसावहिनी, म्हणजे अंकुशची बायको, दारात उभी राहून म्हणायची, "जग पान्यावाचून मरायलं, आन् ह्यांला चेंडू सुचायलाय!"

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे एरवी उसाच्या बैलगाड्या सुटतात त्या जागेवर, जनावरांची चारा छावणी लागली. चारा कमी पडायला लागला तेव्हा अंकुशच्या डोक्यातून चॅम्पियनशिप निघाली. पंचावन्नच्या पुढच्यांची. खेळायचं असेल त्यानं छावणीला ट्रॉलीभर कडबा द्यायचा, हीच प्रवेश फी. आणि त्यानं पत्र लिहिलं ते थेट आपल्या फौजेतल्या जुन्या कर्नल साहेबांना. मला हळूच म्हणाला, "त्यांच्या मैदानावर मी गवत कापलं. आता त्यांनी माझ्या मैदानावर यावं. एकदा साबला हरवायचंय बे... मंग मेलो तरी चालंल."

साहेब आले! आठ दोस्त बरोबर आणि घाटनांदूरहून भरून घेतलेले कडब्याचे ट्रक. उंचेपुरे, गोड बोलणारे गृहस्थ. शहरातली ती मंडळी पांढरी टोपी, चकचकीत बूट अशा थाटात उतरली, आणि माळानं दोन होलांतच त्यांचा थाट उतरवला. त्यांना उंच मारायची सवय. हिरवळीवर चेंडू पडला की बसतो. आमच्या मुरमावर पडला की दगडासारखा उसळून बाभळीत. तिसऱ्या होलला काळ्या रानाच्या भेगा होत्या. चेंडू आत गेला की कोपरापर्यंत हात घातला तरी लागायचा नाही. पाचव्याला वारं तोंडावर. एक रिटायर डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, हे मैदान आहे की सासू? अंकुश मात्र गोट्या खेळल्यासारखा चेंडू जमिनीलगत घरंगळवत न्यायचा. कुठला दगड चेंडूला कुठं ढकलणार, सगळं त्याला पाठ. आणि साहेबही काय कसलेले! चार होलांत त्यांनी त्याची नक्कल उचलली. आठ होल झाले तेव्हा दोघं बरोबरीत होते.

पंच मी होतो. अंकुशनंच मला केलं होतं.

नववं होल गाडीतळाला लागून. साहेबांचं होल पुरं झालं. अंकुशचा चेंडू भोकापासून चार हातांवर. एका फटक्यात आत गेला तर तो जिंकला, दोन लागले तर बरोबरी. त्यानं फळी ओढली, वाट आरशासारखी केली, काठी धरली... आणि पाली गावाकडून पाण्याचा टँकर आला. टँकर आला की काठ्या खाली ठेवून पाणी पाजायला जायचं, हाही त्याचाच नियम. अंकुश चेंडू तिथंच ठेवून धावला. पण टँकरच्या आवाजानं तहानलेल्या गाई दावी तोडून निघाल्या आणि सरळ त्या अंगणावरून गेल्या. पाणी पाजून आलो तर वाटभर खुरांचे खळगे.

साहेब म्हणाले, "अंकुश, फिरव पुन्हा फळी. माझी काही हरकत नाही." अंकुशनं माझ्याकडं बघितलं. "पंच काय म्हनतेत?"

सकाळी वावटळीनं त्या डॉक्टरांची वाट विस्कटली होती, तेव्हा मी त्यांना दुसऱ्यांदा फळी दिली नव्हती. सगळे माझ्याकडं बघत होते. शेजाऱ्याला दिली म्हणतील, ही भीती मनात. मी म्हटलं, "एकदाच."

त्यानं मान हलवली. खळग्यांतून चेंडू डावीकडं गेला, मग उजवीकडं. तीन फटके लागले. साहेबांनी त्याला मिठी मारली. अंकुश हसला, ओठांपुरता, आणि जनावरांना कडबा टाकायला गेला.

पुढं पावसाळे चांगले झाले, कारखाना सुरू झाला, आम्ही दर मंगळवारी खेळत राहिलो. साहेब परत कधी आले नाहीत, वर्षभरात वारले. अंकुश त्या फटक्याबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. भ्यालो होतो मी, दुसरं काय!

शेवटी तो गेला त्याच्या तीन दिवस आधी, त्याच्या खाटेशी बसलो असताना तोंडातून निघून गेलं, "अंकुश, त्या दिवशी मी चुकलो का रे?"

"चुकलास की. लई चुकलास," तो लगेच म्हणाला. "जनावरानं तुडवल्यावर फळी द्यायलाच पायजे."

"मग इतकी वर्षं गप का बसलास?"

"मी पंच असतो तर मला दिली असती बे, सोत्ताच सोत्ताला. म्हनून तर तुला केलतं." आणि त्याला हसू आलं, या वेळी डोळ्यांपर्यंत आलेलं, खोकला लागेपर्यंत. "जा आता. मंगळवारी खेळू."

त्या मंगळवारी त्याचा तिसरा दिवस होता. राख सावडून आलो, आणि घरी न जाता माळावर गेलो. चेंडू नव्हता, काठी नव्हती. त्या दिवशी त्याचा चेंडू जिथं होता ती जागा मला डोळे मिटूनही सापडते. तिथून भोकापर्यंत मी फळी ओढली. त्याची राहिलेली, दुसरी.