नावाड्याची पूर्ण किंमत

संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या बंदरावरच्या सुपरमार्केटात गेलात, तर तयार जेवणाच्या फळ्यांपाशी ओची नामिए उभ्या दिसतील. टोपली रिकामी, हात मागे, आणि चेहरा असा की जणू सहज वारा खायला आत आल्या आहेत. मग मागच्या दारातून स्टिकरवाली बाई येते आणि न खपलेल्या डब्यांवर एकेक करून ‘अर्धी किंमत’ चिकटवू लागते. स्टिकर नीट बसायच्या आत तो डबा नामिएताईंच्या टोपलीत गेलेला असतो. हे मला ठाऊक, कारण मीही तिथेच उभा असतो. पण मी फक्त सुशीसाठी, आणि रोज नाही.

गावात त्यांची यावरून थट्टा होते. त्यांचं स्वतःचं दुकान आहे, जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. बारीक मासे काट्यांसकट वाटून त्याचे चपटे वडे तळायचे, एवढाच धंदा, पण दुपारी कढईसमोर रांग असते. तिथे मात्र त्या कुणाला एक येन सोडत नाहीत. मी एकदा म्हणालो, ताई, तुम्हीपण संध्याकाळी स्टिकर लावा की. तर म्हणाल्या, “माझ्याकडे संध्याकाळपर्यंत उरतं कुठे?”

माझं दुकान त्यांच्या समोरच. सोगाबे इलेक्ट्रिक. दिवे, सेल, पंख्यांची दुरुस्ती, आणि एक अख्खी भिंत व्हिडिओ गेमची. वरच्या फळ्यांवर नवे, खालच्या फळ्यांवर वापरलेले. या भिंतीच्या बाबतीत मी जरा तिरसट आहे, असं लोक म्हणतात. खरं आहे. सध्या जो तो जुना गेम नव्याने रंगवून विकतो. रीमेक म्हणे. आम्ही शाळेत असताना जो खेळून खेळून बोटांना घट्टे पाडले, तोच पुन्हा, आणि तोही पूर्ण किमतीत. मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, की बाबा, हा फोडणीचा भात आहे. कालचाच भात, वर हिरवं-पिवळं टाकून आणलाय. खायचाच असेल तर सहा महिने थांब, किंमत उतरेल, नाहीतर कुणीतरी खेळून माझ्याकडेच विकायला आणेल. असं सांगून मी माझंच नुकसान करतो, हे माझी बायको रोज सांगते.

गेल्या वसंतात ‘सात बेटांची घंटा’चा रीमेक येणार म्हणून कंपनीने भिंतीएवढं पोस्टर पाठवलं. आमच्या वयाच्या माणसाला तो गेम काय होता ते सांगायला नको. एका पोराने सात बेटांवर जाऊन सात घंटा वाजवायच्या, नाहीतर समुद्र सगळं गिळणार. मी पोस्टर लावलं आणि खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी डकवली: थांबा, घाई नको.

त्याच दुपारी नामिएताई वजनकाट्याचा सेल घ्यायला आल्या. सेल घेतला, पैसे दिले, आणि निघायच्या ऐवजी पोस्टरसमोर उभ्या राहिल्या. हाताला तळणाचा वास.

किंमत विचारली. सांगितली, आणि माझं नेहमीचं भाताचं प्रवचनही ऐकवलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

“यात नावाडी आहे का?” त्यांनी विचारलं.

म्हटलं, नावाडी नसेल तर पोरगं दुसऱ्या बेटावर जाणार कसं? आहे की.

“अजून लंगडतो?”

आता हा प्रश्न माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाने विचारला असता तर नवल नव्हतं. त्या गेममधला नावाडी लंगडायचा. एवढंसं ठिपक्यांचं चित्र, पण धक्क्यावरून होडीकडे जाताना डावा पाय ओढत जायचा. बाकी झाडून सगळी माणसं सरळ चालायची, हाच असा. आम्हाला वाटायचं चित्रात चूक राहून गेली आहे. मधल्या सुट्टीत आम्ही त्याची नक्कल करत चालायचो आणि बाईंचा ओरडा खायचो. पण वडे तळणाऱ्या, अर्ध्या किमतीचे डबे वेचणाऱ्या नामिएताईंना हे कसं माहीत? मी तसं विचारलंदेखील, आणि जरा हसूनच.

“ते चित्र मी काढलंय,” त्या म्हणाल्या. “ते माझे वडील.”

मी हसणं थांबवलं, पण विश्वास काही बसला नाही. तो गेम मी शेवटपर्यंत जिंकला होता आणि शेवटी सरकत जाणारी नावं मला पाठ होती. त्यात ओची नामिए नव्हती. खरं तर त्यात कुणाचंच खरं नाव नव्हतं. तेव्हा ओसाकाच्या त्या कंपन्या आपल्या माणसांची नावं लपवायच्या, दुसऱ्या कंपनीने हुशार माणूस पळवू नये म्हणून. सगळी टोपणनावं. संगीत: उपाशी कावळा. कथा: गळकी छत्री. आणि चित्रं...

“संत्र्यांची पेटी,” नामिएताईंनीच वाक्य पुरं केलं. वडील दर हिवाळ्यात कचेरीत एक पेटी संत्री पाठवायचे. दुपारचं जेवण विसरून काम करणारी ती सगळी पोरं त्या संत्र्यांवर जगायची. म्हणून यांचं नाव पडलं संत्र्यांची पेटी.

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या. पलीकडे गिऱ्हाईक कढईपाशी खोळंबलं होतं, तरी बसल्या. वडील आमच्या बंदरातून समोरच्या बेटावर माणसं नेणारे नावाडी होते, हे मला घरून ऐकून ठाऊक होतं. तरुणपणी धक्का आणि होडी यांच्यात पाय चेंगरला, तेव्हापासून लंगडत. गेममध्ये नावाडी हवा असं ठरलं, तेव्हा नामिएताईंनी दुसरा कुणी काढलाच नाही.

पण लंगडणं महाग होतं. त्या मशीनमध्ये जागा इतकी तुटपुंजी की माणूस चालवायचा तर डावा पाय पुढे टाकलेलं एकच चित्र काढायचं, आणि मशीन तेच आरशासारखं उलटं करून उजवा पाय दाखवायचं. एका चित्रात दोन पावलं. म्हणून त्या जगात सगळेच दोन्ही पायांवर सारखे चालत. ज्याचे पाय सारखे नाहीत त्याला दोन वेगळी चित्रं लागणार. साहेबांनी साफ नाही म्हटलं. नामिएताई अडून बसल्या. शेवटी साहेब म्हणाले, आधीचं काहीतरी काढून टाक आणि त्याच्या जागी हे घाल. तेव्हा त्यांनी तिसऱ्या बेटावरच्या देवळाच्या पायरीवरचं मांजर काढून टाकलं.

हे ऐकून मी चाटच पडलो. कारण तिसऱ्या बेटावर मांजर का नाही, हे आम्हाला लहानपणी फार खटकायचं. आमच्या इथल्या समुद्रात बेट म्हटलं की आधी मांजरं दिसतात आणि मग माणसं.

पुढे वडील अंथरुणाला खिळले, त्या नोकरी सोडून परत आल्या, आणि वडील गेल्यावर आईची कढई हातात घेतली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगून उपयोग काय, म्हणाल्या, इथे कोण विश्वास ठेवतं. हे म्हणताना माझ्याकडे बघितलं.

आणि मग मी शहाणपणा केला. ताईंना बरं वाटावं म्हणून कंपनीचं पत्रक काढलं आणि मोठ्याने वाचून दाखवू लागलो. नवी चित्रं, नवं संगीत, आणि पुढे, ‘मूळ खेळात राहून गेलेल्या चुका दुरुस्त केल्या आहेत’. वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते. जी चूक म्हणून आम्ही सगळे हसलो होतो, ती कंपनीलाही चूकच वाटली असणार.

नामिएताईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या. मी म्हणालो, गेम बाजारात आल्यावर मी आधी खेळतो आणि तुम्हाला सांगतो, उगाच पैसे घालवू नका.

“नको. मी स्वतः बघेन.” दाराशी थांबून म्हणाल्या, “त्यांचे फोटो आहेत रे घरी. पण फोटोत ते उभे आहेत. उभे असले की कुणीही वाटतात. चालायला लागले की माझे वडील.”

ते शेवटी कुठे चालत होते, तर त्या गेमच्या जुन्या कॅसेटमध्ये. आणि ताईंची कॅसेट केव्हाच बिघडली होती.

मला त्या दिवसांत झोप नीट लागली नाही, हे सांगायला लाज वाटत नाही. त्या मात्र रोजच्यासारख्या वडे तळत होत्या आणि सातला फळ्यांपाशी उभ्या राहत होत्या. विषय काढला नाही.

गेम आला त्या दिवशी त्यांनी कढई लवकर उतरवली आणि ऐन सातच्या वेळी माझ्या दुकानात आल्या. स्टिकरची वेळ चुकवून. मला तेवढ्यावरूनच कळलं की पाणी किती खोल आहे. मी दार अर्धं ओढलं, एक खोकं फोडलं, दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर गेम लावला. त्यांनी खेळायला नकार दिला. म्हणाल्या, याला इतकी बटणं कशाला, आमच्या वेळी दोन पुरायची. म्हणून मी खेळलो, त्या बघत बसल्या.

पहिली घंटा वाजवायला वेळ लागला. पोरगं छान दिसत होतं, गवत हलत होतं, पाणी तर असं की आपलंच बंदर वाटावं. मग धक्का आला. धक्क्याच्या टोकाला नावाडी पाठमोरा बसलेला. मी त्याच्याजवळ गेलो आणि बटण दाबायच्या आधी एकदा ताईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

तो वळला. रुंद चेहरा, उन्हाने रापलेला, आणि भली मोठी पांढरी दाढी.

“दाढी कधी ठेवली यांनी,” ताई पुटपुटल्या.

मग तो उठला आणि होडीकडे निघाला. डावा पाय ओढत. चुकून नव्हे, सवयीने, वर्षानुवर्षं तसाच चालणाऱ्या माणसासारखा. उजवा पाय टाकायचा, कंबरेतून जरा झुकायचं, डावा मागून आणायचा. मी सुटकेचा श्वास सोडला आणि काहीतरी बोलणार होतो, तर ताईंनी हात वर करून मला गप्प केलं. त्या ऐकत होत्या. धक्क्याच्या फळ्यांवर आवाज येत होता. एक पाऊल जड, आणि मग लाकडावर घासत येणारं दुसरं.

“आवाज,” त्या म्हणाल्या. “आम्हाला पावलांच्या आवाजाला जागाच नव्हती. रात्री हे घरी येताना गल्लीत हाच आवाज यायचा. आई तेवढ्यावर भात वाढायला घ्यायची.” आणि त्या रडू लागल्या, अगदी उघड. मलाही आवरलं नाही.

कुणी केलं असेल हे? मला वाटतं, माझ्यासारखंच कुणी, ज्याने शाळेत ती नक्कल करून ओरडा खाल्ला असेल आणि मोठं झाल्यावर त्याला उमगलं असेल की ती चूक नव्हती.

होडीच्या दोराशेजारी एक मांजर वेटोळं करून झोपलं होतं. ताईंनी डोळे पुसून बोट दाखवलं. “बघ, आता दोघांनाही जागा झाली.”

त्यानंतर आम्ही पुढे गेलोच नाही. दुसऱ्या बेटावर उतरायचं आणि लगेच परतीची होडी धरायची. दर खेपेला नावाडी उठायचा, चालायचा. तिकडे समुद्र जग गिळायला निघाला होता, घंटा वाट बघत होत्या, आणि आम्ही त्या बिचाऱ्या पोराला दोन बेटांमध्ये हेलपाटे घालायला लावत होतो. ताई आता हसत होत्या आणि नावाड्याला दाढीवरून टोमणे मारत होत्या.

मग मी नावांची यादी काढून दाखवली. मूळ चित्रं: संत्र्यांची पेटी. मी चिडलो. म्हटलं, आता तरी खरं नाव घालायला नको का यांनी, उद्याच कंपनीला कळवतो. त्यांनी नको म्हटलं. “पेटी पाठवायचे कोण? नाव त्यांचंच आहे. राहू दे.”

निघताना त्या म्हणाल्या, हे मला दे. आता खोकं फोडलेलं होतं, म्हणजे धंद्याच्या नियमाने माल वापरलेला झाला. शिवाय मला थट्टाही सुचली. मी खालच्या फळीचं ‘अर्धी किंमत’ स्टिकर काढलं, खोक्यावर ठसठशीत चिकटवलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. म्हटलं, घ्या ताई, आज सुपरमार्केट चुकलं ना तुमचं.

त्यांनी स्टिकरकडे बघितलं. मग नखाने त्याचा कोपरा उचलला आणि मासा सोलावा तसं हलक्या हाताने, खोक्याला ओरखडा न पाडता, पूर्ण काढलं. ते माझ्या काउंटरला चिकटवून पाकीट उघडलं आणि नोटा मोजल्या. पूर्ण किंमत.

म्हटलं, अहो, खेळायला मशीनसुद्धा नाही तुमच्याकडे.

“मशीन जुनं बघ एखादं, स्वस्तातलं. त्याची घाई नाही.” खोकं त्यांनी पिशवीत नाही, छातीशी धरलं होतं. “सोगाबे, स्टिकर रात्रीत नासणाऱ्या मालाला लावतात. हे उद्यापण चालणार आहे.”