कपाटातली चाकोली

माझ्या नवऱ्याला चांगली वस्तू वापरवतच नाही. नवी चादर, केशराची डबी, कुणी दिलेले काजू, सगळं "पाहुणे आले की काढू" म्हणून कपाटात जातं. नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे येणार कुठून, तेही लॉकडाउनमध्ये? पण ऐकतंय कोण!

खालच्या मजल्यावर एक बास्क गृहस्थ राहायचे. स्पेनच्या उत्तरेला, समुद्राजवळच्या टेकडीवर त्यांच्या वडिलांचा छोटासा द्राक्षमळा होता. म्हातारबाबा तिथली पांढरी वाइन, चाकोली, दरवर्षी लेकाला पाठवायचे. पहिल्या लॉकडाउनमध्ये मी त्यांच्या दाराशी पोहे ठेवले, तर दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी चाकोलीची बाटली! गॅलरीतून वर बघत त्यांनी बजावलं, "लगेच प्या हं. ही ताजीच चांगली. ठेवलीत तर वाया जाईल."

मी ग्लास काढेपर्यंत नवऱ्याने बाटली कपाटात टाकलीसुद्धा. "आई-बाबा आले की उघडू."

"अरे, तुझे आई-बाबा वाइन पितात?"

त्याने कपाटाचं दार लावून घेतलं. मी चिडले, धुसफुसले, मग विसरूनही गेले.

पुढच्या हिवाळ्यात खालच्या गृहस्थांचे वडील कोविडने गेले. प्रवास बंद. बिचाऱ्यांनी बापाला निरोप दिला तो फोनच्या पडद्यावर. थंडी सरल्यावर एकदा ते वर आले आणि मास्क लावून जिन्यातच लांब उभे राहिले. भाऊ मळा विकतोय म्हणाले. "बाबांच्या हातची एकही बाटली उरली नाही माझ्याकडे. वेळच्या वेळी पिऊन टाकायची सवय ना आमची. तुम्हीही संपवली असेल."

नवरा आत गेला आणि चादरींमागून बाटली घेऊन आला. तोंड अगदी चोरी पकडल्यासारखं.

"अजून ठेवलीत? का?"

"पाहुणे आले की काढायची होती," तो पुटपुटला.

ते ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी बाटली छातीशी धरली. मी पळत जाऊन ग्लास आणले. फेस यावा म्हणून ही वाइन उंचावरून ओततात. त्यांनी हात डोक्याच्या वर नेऊन धार धरली. मी मनात म्हणत होते, देवा, खराब झालेली नसू दे रे.

फेस आला नाही. त्यांनी मास्क खाली ओढून घोट घेतला आणि डोळे मिटले. "थकलीय," ते म्हणाले. "पण बाबांचीच आहे." आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी अंतराचा नियम गुंडाळून ठेवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या ग्लासातली वाइन कैरीसारखी आंबट लागली, जराशी खारटही. मला फार आवडली.

अर्धी बाटली उरली. मी म्हटलं, घरी घेऊन जा. त्यांनी बूच घट्ट बसवलं आणि बाटली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली.

"तुमच्या कपाटात ठेवा," ते म्हणाले. "उद्या मी पाहुणा म्हणून येतो."